सात मात्रांची तीन पावलं: मिल्चो लेव्हिएव्हचा पियानो

वाचायला बसण्याआधी एक करा. ‘आई बाबा आजोबा’ हे तीन शब्द मोठ्याने म्हणा. प्रत्येक अक्षराला अगदी सारखा वेळ द्या आणि मध्ये कुठेही थांबू नका. आ-ई-बा-बा-आ-जो-बा, आ-ई-बा-बा-आ-जो-बा. आता प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. एका फेरीत तीन टाळ्या पडतात, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. ‘आई’ आणि ‘बाबा’ पटकन निघून जातात, ‘आजोबा’ जरा रेंगाळतात. आठ-दहा फेऱ्या झाल्या की वेग वाढवत न्या. अक्षरं पुसट होत जातील आणि हातात उरतील फक्त तीन ठोके: आखूड, आखूड, लांब.

बल्गेरियात या तालाला रचेनित्सा म्हणतात. लग्नकार्यात तिथले लोक या तालावर नाचतात, आणि नाचताना कोणीही सातपर्यंत मोजत नाही.

या तालाच्या आणि त्याच्या भावंडांच्या मुलखात वाढलेला एक मुलगा पुढे पियानोवादक झाला, जॅझच्या प्रेमात पडला, देश सोडून अमेरिकेत पोचला आणि तिथल्या नामांकित वाद्यवृंदांतून वाजवू लागला. त्याचं नाव मिल्चो लेव्हिएव्ह. ‘जॅझ आणि बल्गेरियन लोकसंगीताचा संगम’ असं त्याच्याविषयी नेहमी लिहिलं जातं. हे वाक्य खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. संगम म्हणजे नेमकं काय झालं? लोकधून घेऊन तिच्याखाली जॅझच्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, वाजवल्या की झाला का संगम? मला तसं वाटत नाही. लेव्हिएव्हने केलेलं काम त्याहून अवघड होतं, आणि ते समजायचं तर आधी तालाकडेच जावं लागतं.

आपल्याकडे सात मात्रांचा रूपक आहे, दहाचा झपताल आहे. त्यामुळे असमान विभागांचं आपल्याला नवल वाटत नाही. रूपकाचे विभाग तीन-दोन-दोन असे पडतात, म्हणजे ‘आजोबा आई बाबा’. बल्गेरियातही हाच क्रम आहे, त्या नाचाचं नाव चेत्वोर्नो. मग फरक कुठे? रूपकात आपण मात्रा मोजतो. सातही मात्रा स्वतंत्रपणे ऐकू येतात आणि विभाग म्हणजे त्या मात्रांचे गट असतात. वेगातल्या रचेनित्सात सात सुट्या मात्रा ऐकूच येत नाहीत, इतक्या त्या झपझप जातात. तिथे ठोका हेच एकक आहे. ठोके दोन जातींचे, एक दोन मात्रांचा आखूड आणि एक तीन मात्रांचा लांब, आणि नाचणाऱ्याचं पाऊल त्या ठोक्यावर पडतं. म्हणजे सात मात्रांची तीन पावलं, त्यातलं एक दीडपट लांब.

हे परकं वाटत असेल तर आपल्या वृत्तांकडे बघा. भुजंगप्रयातात लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा येतो, म्हणजे एक-दोन-दोन अशा पाच-पाच मात्रा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. संध्याकाळी ते म्हणणारं पोर पाच मोजत नाही. आखूड आणि लांब अक्षरांची चाल त्याच्या जिभेवर बसलेली असते. बल्गेरियन माणसाच्या पायात तसंच काहीसं बसलेलं असतं, फक्त तिथे आखूड-लांबाचं प्रमाण एकास दोन नसून दोनास तीन आहे.

तिथल्या ढोलाचं नाव तपान. दोन्ही बाजूंनी कातडं, खांद्याला पट्टा, एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी. जाड टिपरू मुख्य ठोके देतं, काडी मधल्या बारीक मात्रा भरत राहते. दोन्ही पातळ्या एकाच वेळी कानावर पडतात, वरची झरझर आणि खालची पावलं. तपानाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पियानोकडे वळताना ती उपयोगी पडेल.

आता रचेनित्साच्या भावंडांची थोडी ओळख करून घेऊ. पायदुश्को पाच मात्रांचं, ‘आई आजोबा’. दायचोवो नऊचं, ‘आई बाबा काका आजोबा’. कोपानित्सा अकराची, ‘आई बाबा आजोबा काका काकी’, इथे लांब ठोका मधोमध येतो. बुचिमिश पंधराचं. ‘सेदी दोंका’ नावाची एक चाल पंचवीस मात्रांची आहे. आकडा ऐकून धडकी भरते, पण तोडून पाहिलं तर सात, सात आणि अकरा यांची माळ निघते: ‘आजोबा आई बाबा, आजोबा आई बाबा, काका काकी आजोबा मामा मामी’. कुटुंबातली माणसं वाढवत जायचं, इतकंच. या पंचवीस मात्रांच्या नाचाला प्लॉव्हदिव्हस्को होरो असंही म्हणतात. होरो म्हणजे हातात हात गुंफून नाचायची रांग किंवा रिंगण, आणि प्लॉव्हदिव्ह म्हणजे मिल्चो लेव्हिएव्हचं जन्मगाव.

विद्वानांनी अशा तालांना तुर्की भाषेतला ‘अक्साक’ हा शब्द लावला. अर्थ, लंगडत चालणारा. रुमेनियन अभ्यासक कॉन्स्तांतिन ब्रेलोयू याने विसाव्या शतकाच्या मध्याला हा शब्द शास्त्रात रूढ केला. त्याआधी हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक याने याला ‘बल्गेरियन ताल’ म्हटलं होतं आणि पियानो शिकणाऱ्यांसाठीच्या आपल्या मालिकेच्या शेवटी या तालातले सहा नाच लिहिले होते. मला ‘लंगडा’ हा शब्द पटत नाही. एकदा होरोची रांग नाचताना बघा. लांब ठोक्यावर पाय अडखळत नाही. त्या वाढीव मात्रेत उडीला, झोक्याला जागा मिळते, आणि नाचाची सगळी शान तिथेच असते.

लेव्हिएव्हचा जन्म १९ डिसेंबर १९३७ चा. प्लॉव्हदिव्ह हे मारित्सा नदीकाठचं, टेकड्यांवर वसलेलं जुनं शहर. बल्गेरियन, तुर्क, आर्मेनियन, ज्यू, रोमा अशी अनेक माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आली. तिथून तो सोफियाच्या संगीत अकादमीत गेला आणि पांचो व्लादिगेरोव्ह यांच्याकडे रचना शिकला. बल्गेरियात व्लादिगेरोव्ह यांचं नाव फार मोठं. युरोपीय वाद्यवृंदाची भरगच्च भाषा आणि बल्गेरियन लोकधून एकत्र नांदू शकतात हे त्यांनी १९२२ च्या ‘वर्दार’ या रचनेत दाखवून दिलं होतं. म्हणजे लोकसंगीताकडे गंभीरपणे बघण्याची परंपरा लेव्हिएव्हला वर्गातच मिळाली. १९६० साली त्याचं शिक्षण संपलं.

जॅझ मात्र वर्गात मिळणारी गोष्ट नव्हती. कम्युनिस्ट राजवटीत जॅझकडे अमेरिकेचं संगीत म्हणून संशयाने पाहिलं जाई. पूर्व युरोपातल्या त्या पिढीचा जॅझचा गुरू म्हणजे रेडिओ. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर रोज जॅझ ऐकवत असे, संथ, स्वच्छ इंग्रजीत बोलत, कारण ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना इंग्रजी येत नाही हे त्याला ठाऊक होतं. नोटेशन हाती नाही, शिक्षक नाही, खरखरत्या लहरींवरून आलेलं कानाने टिपायचं. आपल्याकडे दाराबाहेर उभं राहून गाणं उचलणाऱ्या शिष्यांच्या गोष्टी सांगतात, हा त्याच जातीचा अभ्यास होता.

याच सरकारला लोकसंगीत मात्र हवं होतं. १९५१ मध्ये फिलिप कुतेव्ह यांनी सरकारी लोकसंगीत-नृत्य पथक उभं केलं, आणि गावोगावच्या गाण्यांना मंचावरचा घाट मिळाला. त्यामुळे जॅझमध्ये लोकताल आणणं ही तेव्हा काहीशी सोयीचीही गोष्ट असावी असा तर्क कुणी केला तर तो अगदीच चुकीचा नाही. पण मला त्याचं उत्तर लेव्हिएव्हच्या पुढच्या आयुष्यात दिसतं. कॅलिफोर्नियात त्याला कोणी जाब विचारणारं नव्हतं, आणि तिथेही त्याने नऊ आणि अकराचे ताल सोडले नाहीत.

१९६२ ते १९६६ या काळात तो बल्गेरियन रेडिओ-टेलिव्हिजनच्या बिग बँडचा प्रमुख होता. बिग बँड म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांच्या रांगा असलेला पंधरा-वीस जणांचा ताफा. १९६५ मध्ये त्याने चौघांचा छोटा संच काढला: जॅझ फोकस ६५. पियानोवर स्वतः, बासरीवर सिमेऑन श्तेरेव्ह, बासवर, म्हणजे खर्जाच्या तंतुवाद्यावर, ल्युबोमिर मित्सोव्ह, ड्रम्सवर पेतर स्लावोव्ह. बासरीची निवड मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. जॅझच्या छोट्या संचात त्या जागी सहसा सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट असतो. बासरीच्या फुंकरीत कवलची आठवण असते, म्हणजे बल्गेरियन मेंढपाळांच्या लांब लाकडी बासरीची. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रू इथे जॅझ महोत्सव पहिल्यांदाच भरला आणि या चौघांनी तिथून पारितोषिक आणलं.

त्या काळातल्या त्याच्या एका रचनेचं नाव आहे ‘ब्लूज इन नाइन’. या एका नावात त्याचा सगळा विचार आलेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ब्लूज हा जॅझचा पाया. त्याचा नेहमीचा साचा बारा आवर्तनांचा, प्रत्येक आवर्तन चार ठोक्यांचं. या बारांमध्ये कॉर्ड ठरल्या क्रमाने फिरतात, बारा संपले की पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या चक्रावर वादक आपली उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेला विस्तार, करत जातो. बंदिश धरून ठेवायची आणि तिच्यावर विस्तार करायचा, हे आपल्याला ओळखीचंच आहे. जॅझच्या चार ठोक्यांवर बासवादक चालत असतो, प्रत्येक ठोक्याला एक सूर, माणूस रस्त्याने सहज चालावा तसा. त्याला चालता बास असंच म्हणतात.

आता दायचोवोच्या नऊ मात्रा पुन्हा म्हणा: आई, बाबा, काका, आजोबा. ठोके किती? चारच! ब्लूजलाही चार, दायचोवोलाही चार, फक्त चौथा दीडपट लांब. माझ्या डोक्यात हे उतरलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत चालून पाहिलं होतं. तीन साधी पावलं आणि चौथं ढांगेचं. म्हणजे ब्लूजचा बारा आवर्तनांचा साचा जसाच्या तसा ठेवता येतो, कॉर्डचा क्रम ठेवता येतो, बासचं चालणंसुद्धा ठेवता येतं, बदलतं ते एकच पाऊल. मात्र त्या एका पावलाने सगळ्याचा तोल वेगळा होतो. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक झोका येतो आणि पुढची सम त्या झोक्यातून खाली उतरते.

नऊची ही वाटणी जॅझच्या श्रोत्यांना तोवर अगदीच अनोळखी नव्हती. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ साली सरकारी दौऱ्यावर निघाला होता. त्याच दौऱ्यात तो मुंबईलाही आला आणि इथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याला दोन-दोन-दोन-तीन हा ताल ऐकू आला आणि त्यातून पुढच्या वर्षीची ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ ही रचना जन्मली. ती सुंदर आहे, पण लक्ष देऊन ऐका: मुखडा नऊचा असला तरी सोलो सुरू झाला की ताफा नेहमीच्या चारावर येतो. नवा ताल दारापाशी उभा राहतो आणि घरात जुनाच चालू राहतो. यात ब्रूबेकला कमी लेखण्याचा हेतू नाही, त्याने दार उघडलं हेच मोठं काम होतं. लेव्हिएव्हची वाट इथून पुढे सुरू होते. उपजसुद्धा त्या विषम तालात व्हायला हवी.

हे इतकं अवघड का? जॅझवादक वर्षानुवर्षं चार ठोक्यांत घोटलेला असतो. त्याच्या बोटांतल्या फिरती, श्वास घ्यायच्या जागा, वाक्य कुठे संपवायचं याची जाण, सगळं चाराच्या मापाचं असतं. त्याला अकरा मात्रा दिल्या की तो मोजू लागतो, आणि मोजणारा माणूस उपज करू शकत नाही. तबला शिकणाऱ्या कोणालाही विचारा. झपतालात पहिल्यांदा तिहाई बसवताना सगळं लक्ष बोटांवरच्या आकड्यांवर असतं. हिशेब शरीरात मुरला की मगच हात सुटतो. लेव्हिएव्हचा फायदा असा की दोन्ही गोष्टी त्याच्या शरीरात होत्या, चाराचा डौल रेडिओवरून आलेला आणि आखूड-लांबाची चाल गावातून आलेली.

पियानोवर ते कसं दिसतं? इथे तपान आठवा. डावा हात जाड टिपऱ्याचं काम करतो, खालच्या सुरांत असमान पावलं टाकत राहतो. उजवा हात काडीसारखा बारीक मात्रा झरझर काढतो, पण त्याला एक मोकळीक आहे, तो डाव्या हाताच्या गटांना बांधलेला नाही. नऊ मात्रा खाली दोन-दोन-दोन-तीन अशा पडत असताना वरचा हात त्याच नऊचे तीन-तीन-तीन असे तुकडे पाडू शकतो. दोन्ही हात वेगळ्या वाटेने जाऊन समेवर भेटतात. आपल्या मैफलीत सतारिया आणि तबलजी असेच लांब जाऊन समेवर येतात तेव्हा दाद जाते. इथे ते दोघे एकाच माणसात बसलेले असतात.

१९७० मध्ये लेव्हिएव्हने बल्गेरिया सोडला. कारणं राजकीय होती. काही काळ जर्मनीत काढून १९७१ मध्ये तो लॉस एंजेलिसला पोचला, ट्रम्पेटवादक डॉन एलिसच्या बोलावण्यावरून. जॅझच्या इतिहासात दोन माणसांची इतकी योग्य गाठ क्वचितच पडली असेल. एलिस आधीपासून विषम तालांच्या मागे लागलेला होता आणि त्याचं बोट धरलं होतं भारताने. पंडित रविशंकर यांचे शिष्य हरिहर राव तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये होते. एलिस त्यांच्याकडे भारतीय ताल शिकला आणि दोघांनी १९६४ मध्ये हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट नावाचा संचही काढला. १९६६ च्या माँटेरे महोत्सवात एलिसच्या ताफ्याने वाजवलेली एक रचना १९ ठोक्यांची होती आणि तिचं नाव म्हणजे तिची वाटणीच: तीन, तीन, दोन, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन. आपल्याकडच्या तालाच्या विभागांसारखंच हे.

म्हणजे भारतीय तालशास्त्रातून विषम संख्येपर्यंत आलेला एक अमेरिकन आणि होरोच्या रिंगणातून तिथेच आलेला एक बल्गेरियन समोरासमोर आले. एलिसकडे हिशेब होता, लेव्हिएव्हकडे पायांची सवय. १९७१ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसिन स्ट्रीट वेस्ट या क्लबमध्ये एलिसच्या वाद्यवृंदाचं ‘टिअर्स ऑफ जॉय’ हे ध्वनिमुद्रण झालं. त्यात पितळी वाद्यांच्या रांगांबरोबर व्हायोलिन-चेलोंची चौकडीही होती आणि पियानोवर नुकताच आलेला लेव्हिएव्ह. त्यातल्या ‘बल्गेरियन बल्ज’ या रचनेचं आवर्तन ३३ बारीक मात्रांचं आहे. पहिल्यांदा ऐकताना मी बोटांवर मोजत बसलो आणि दर वेळी कुठेतरी हरवलो. मोजणं सोडून मान हलवू दिली तेव्हा कुठे ती रचना उलगडली. ३३ हा आकडा कागदावरचा आहे, कानाला ऐकू येते ती आखूड-लांब पावलांची लांबलचक ओळ, तुफान वेगात धावणारी.

पुढची काही वर्षं तो एलिसबरोबर होता. १९७३ च्या ‘सोअरिंग’ या तबकडीत त्याची स्वतःची ‘स्लादका पित्का’ ही रचना आहे, नावाचा अर्थ गोड पाव. याच तबकडीत हँक लेव्हीची ‘व्हिपलॅश’ ही सातच्या तालातली रचनाही आहे. २०१४ साली त्या नावाचा चित्रपट आला आणि ती धून जगभर पोचली. चित्रपट पाहिलेल्या अनेकांना माहीत नसतं की त्या जुन्या ध्वनिमुद्रणात पियानोवर प्लॉव्हदिव्हचा माणूस बसलेला आहे.

मग ड्रमवादक बिली कोबम. तो महाविष्णू ऑर्केस्ट्रातून बाहेर पडून स्वतःचा ताफा बांधत होता. लेव्हिएव्ह त्यात की-बोर्डवर आला आणि १९७४ च्या ‘टोटल एक्लिप्स’मध्ये तो ऐकू येतो. विजेवरची वाद्यं, रॉकचा जोर, प्रचंड आवाज. लोकसंगीताचा वास तिथे शोधू नये, पण अवघड लयीच्या ताफ्यात त्याला जागा मिळाली यात आश्चर्य नाही.

एक गोष्ट मात्र याच्या अगदी उलट टोकाची आहे. जून १९८० मध्ये सॅक्सोफोनवादक आर्ट पेपर लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये वाजवत होता आणि पियानोवर लेव्हिएव्ह होता. ध्वनिमुद्रण अप्रतिम झालं, पण पेपर दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने ते त्याच्या नावावर काढता येईना. म्हणून ‘ब्लूज फॉर द फिशरमन’ ही तबकडी मिल्चो लेव्हिएव्ह क्वार्टेट या नावाने निघाली. नाव कराराच्या अडचणीतून आलं खरं, तरी ऐकल्यावर ते उसनं वाटत नाही. हे निखळ अमेरिकन वळणाचं वादन आहे, आणि ते ऐकल्यावर कळतं की हा माणूस बल्गेरियन ताल वाजवत होता तो साधा चार येत नाही म्हणून नव्हे. दोन घरांत तितक्याच सहजपणे वावरणाऱ्यालाच त्यांच्यामधली भिंत पाडता येते.

सुरांबद्दल थोडंसं. बाल्कन प्रदेशात हिजाझ नावाची स्वरांची एक मांडणी सर्रास आढळते: कोमल रिषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. आपल्याकडे हेच स्वर बसंत मुखारीत येतात. रिषभ-गांधारातलं ते मोठं अंतर ऐकलं की आपल्या कानाला एकदम ओळख पटते. अडचण पियानोची. गायदा म्हणजे तिथली मशकबीन, तिच्यावर आणि कवलवर सूर कणांनी, गिरक्यांनी नटलेला असतो, दोन सुरांच्या मधूनही जातो. पियानोच्या पट्टीवर मींड नाही. आपल्याकडे पेटीवाल्यांनी ज्या प्रश्नाशी झुंज दिली तोच हा प्रश्न, आणि उत्तरही मिळतंजुळतं. मुख्य सुराआधी शेजारचा सूर क्षणभर चिरडून जायचा, म्हणजे कानाला मधल्या वाटेचा भास होतो. ब्लूज वाजवणारे पियानोवादक पूर्वीपासून हेच करत आले आहेत, त्यांनाही पट्ट्यांमधल्या फटीत असलेला सूर हवा असतो. ब्लूज आणि होरो इथे सुरांतही शेजारी निघतात.

(बल्गेरियन सुरांचा विषय निघालाच आहे तर: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्काचं एक लोकगीत आहे. त्याच तबकडीवर गोव्यात केरीला जन्मलेल्या केसरबाईंची भैरवीही आहे. दोघी तेव्हापासून एकत्र प्रवास करताहेत, या गोष्टीने मला दर वेळी भरून येतं.)

लेव्हिएव्हच्या मागून आलेल्यांची वाट निराळी होती. बेलग्रेडला १९६८ मध्ये जन्मलेला पियानोवादक बोयान झुल्फिकारपाशिच, ज्याला सगळे बोयान झी म्हणतात, १९८८ मध्ये पॅरिसला गेला. १९९९ च्या त्याच्या तबकडीचं नाव ‘कोरेनी’, म्हणजे मुळं. पट्ट्यांमधल्या फटीचा प्रश्न त्यालाही छळत असणार, कारण त्याने जुन्या विजेच्या पियानोत फेरफार करून सूर वाकवता येतील असं स्वतःचं वाद्य बनवलं आणि त्याला झेनोफोन नाव दिलं. तिकडे बल्गेरियात लग्नाच्या बँडमधले वादक, त्यांत क्लॅरिनेटवादक इव्हो पापाझोव्ह सगळ्यांत गाजलेला, हेच ताल इतक्या वेगाने वाजवू लागले की जॅझवाले तोंडात बोट घालून ऐकत राहिले.

लेव्हिएव्हने पुढे लॉस एंजेलिसमध्ये शिकवलं, बल्गेरियातली राजवट बदलल्यावर सोफियातही शिकवलं. शेवटी तो ग्रीसमध्ये थेसालोनिकीला राहिला. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी तिथेच तो गेला, ८१ वर्षांचा होऊन. त्या वर्षी प्लॉव्हदिव्ह युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं.

ऐकायला सुरुवात करायची तर थेट ३३ मात्रांवर जाऊ नका. आधी एखादी साधी रचेनित्सा शोधा, फक्त गायदा आणि तपान असलेली, आणि ‘आई बाबा आजोबा’ म्हणत घरात चालून बघा. मग दायचोवो. मग रॉनी स्कॉट्समधलं ते साध्या चाराचं वादन, म्हणजे त्याचा स्पर्श ओळखीचा होईल. त्यानंतर ‘बल्गेरियन बल्ज’ लावा आणि आजोबा कुठे कुठे येतात तेवढं पकडा.